डाळिंब, द्राक्ष, बोर : वाण, बहार आणि जमीन यांनी पोषण नेमकं किती बदलतं?

काळी_कसदार (धागाकर्ता)

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेत) फिरलं की उमराण बोरं, अ‍ॅपल बोर, काळी द्राक्षं आणि भगवा डाळिंब ओळीनं मांडलेले दिसतात आणि सगळ्यांपुढं ओरड एकच: 'भरपूर व्हिटॅमिन, रक्त वाढवतं!' भरपूर म्हणजे किती आणि ते कशानं कमीजास्त होतं, एवढ्यासाठी हा धागा. आरोग्यसल्ले नकोत, आकडे आणि कारणं द्या.

पाया म्हणून नेहमीच्या तक्त्यांतलं क जीवनसत्त्व, १०० ग्रॅम ताज्या गरात: द्राक्ष सुमारे ३ मिग्रॅ, डाळिंब १०, जांभूळ १८, स्ट्रॉबेरी ५९, बोर ७६. बांधावरचं बोर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मागं टाकतं. पण हे सरासरीचे आकडे. तक्त्यात 'डाळिंब' असतं, गणेश की भगवा, मृगातलं की आंबे बहारातलं (बहार म्हणजे फुलोरा धरायचा हंगाम), ते नसतं.

माझा अंदाज असा की वाण कमाल मर्यादा ठरवतो, पिकतानाचे शेवटचे पाच-सहा आठवडे त्यातलं किती भरायचं ते ठरवतात आणि काढणीनंतरचे दिवस त्यातलं किती उरवायचं ते. खताचा नंबर त्यानंतर. पटत नसेल तर खोडा.



दाणेदार

डाळिंबापुरतं वाणाबद्दल लिहितो, कारण इथं वाणाचा फरक डोळ्यांनी दिसतो.

गणेशचा दाणा फिकट गुलाबी, बी मऊ. गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून आरक्ता आणि भगवा आले आणि दाणा गडद झाला. लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, त्यामुळे या एका बाबतीत भगवा गणेशच्या पुढं आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व मात्र रंगावरून कळत नाही. त्यासाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा 'सोलापूर लाल' पाहा. तो २०१७ मध्ये प्रसारित झाला. जाहीर झालेले आकडे १०० ग्रॅम ताज्या दाण्यांचे आहेत: लोह ५.६ ते ६.१ मिग्रॅ (गणेशमध्ये २.७ ते ३.२), जस्त ०.६४ ते ०.६९ (गणेश ०.५० ते ०.५४), क जीवनसत्त्व १९.४ ते १९.८ (गणेश १४.२ ते १४.६). म्हणजे लोह जवळपास दुप्पट, बाकी दोन्ही साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त. त्याच्या वंशावळीत भगवा आहे आणि हिमालयाच्या पायथ्याचं 'दारू' नावाचं रानटी आंबट डाळिंबही आहे. गोडीसाठी निवड करत गेलं की आंबटपणाबरोबर आणखी काय काय गळून जातं, याचा हा चांगला नमुना.

बाजारात मात्र अजून भगवाच चालतो. दलाल रंग, वजन आणि सालीची चमक पाहतो. लोहाला भाव नाही.

शंकासुर

थांबा. अमेरिकी तक्त्यात डाळिंबाचं लोह १०० ग्रॅमला ०.३ मिग्रॅ आहे. तुम्ही गणेशचंच २.७ सांगताय. नऊपट फरक वाणानं पडतो?

दाणेदार

नाही पडत. लोह मोजताना दाणे बियांसकट वाटले की नुसता रस काढला, नमुना धुतला कसा, मिक्सरचं पातं कसलं, या सगळ्यानं आकडा सरकतो. सालीवरच्या मातीचा कण पडला तरी लोह वाढतं, आपली काळी माती लोहानंच भरलेली आहे. म्हणून दोन वेगवेगळ्या तक्त्यांतले आकडे शेजारी ठेवून वाणाची तुलना करायची नाही. एकाच जागी, एकाच पद्धतीनं मोजलेल्या दोन वाणांचं गुणोत्तर विश्वासाचं असतं. सोलापूर लाल आणि गणेश यांतला 'दुप्पट' घ्या, ५.६ हा आकडा जगभर मिरवू नका.

दुसरं, 'डाळिंबाच्या रसात अमुक इतकं अँटिऑक्सिडंट' असं वाचलं की आधी रस कसा काढला ते विचारा. कारखान्यात अख्खं फळ दाबलं की सालीतलं प्युनिकॅलॅजिन हे अँटिऑक्सिडंट रसात उतरतं. घरी दाणे सोलून काढलेल्या रसात ते फार कमी असतं. फळ तेच, रस वेगळा.

घडोघडी

द्राक्षाकडं या. इथं वाणापेक्षा मण्याचा आकार जास्त बोलतो.

रंग आणि बहुतेक फिनॉल्स (अँटिऑक्सिडंट गटातले पदार्थ) सालीत असतात, गर म्हणजे साखर, आम्ल आणि पाणी. मणी गोल धरला तर साल आणि गर यांचं प्रमाण व्यासाच्या उलट चालतं. १२ मिमीच्या मण्याचा १८ मिमी केला की दर ग्रॅममागं साल एक तृतीयांशानं घटते. ३-४ मिमीला जीएचा (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाचा) डिप, ६-७ मिमीला पुन्हा, मध्ये गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणं), असं करून आपण जो फुगवा मिळवतो तो मुख्यतः गराचा. भाव त्यालाच मिळतो हे मान्य, पण 'मोठा मणी म्हणजे कसदार मणी' हे गणित उलटं आहे.

वाणांचं थोडक्यात:

थॉमसन, तास-ए-गणेश, माणिक चमन आणि आपल्या नान्नजची सोनाका या सगळ्या हिरव्या आणि एकाच कुळातल्या. सोनाकाचा मणी लांबट, इतकंच. अँथोसायनिन नाहीच म्हणा. शरद सीडलेस आणि नानासाहेब पर्पल या काळ्या जाती, पण रंग फक्त सालीत, आत गर पांढरटच. ज्यूससाठीची मांजरी मेडिका वेगळी, तिचा गरही लाल आहे. तिथं आकाराचं वरचं गणित लागू पडत नाही, कारण रंग सालीपुरता नाही.

बियांचाही हिशेब धरा. द्राक्षातले टॅनिन गटातले पदार्थ मोठ्या प्रमाणात बियांत असतात. सीडलेस खाल्लं की ते गेलं. बी चावून कोण खातो, हा प्रश्न निराळा.

रेस्व्हेरॅट्रॉल या फिनॉलचा गाजावाजा फार आहे, पण ताज्या द्राक्षात ते मिलिग्रॅमच्या अंशात असतं. त्यावर वाण निवडू नये.

काळी_कसदार

आणि हवामान? काळ्या द्राक्षाला काही वर्षी रंगच चढत नाही, मणी तांबूस राहतो.

घडोघडी

पाणी फिरतानाच्या दिवसांत (मणी मऊ पडून रंग धरायला लागतो तेव्हा) ऊन जास्त झालं की तसं होतं. लाल-काळ्या द्राक्षांत ३५ अंशांच्या सततच्या तापमानात अँथोसायनिन २५ अंशांच्या तुलनेत निम्म्याहून कमी भरतं. दोन गोष्टी एकदम घडतात: नवं तयार होणं मंदावतं आणि तयार झालेलं मोडतं. म्हणून ऑक्टोबर छाटणी लांबली आणि पाणी फिरणं फेब्रुवारी-मार्चात गेलं की रंग मार खातो. मग इथेफॉन (रंग चढवायचं संजीवक) आठवतं. त्यानं साल रंगते, पण मणी मऊ पडतो आणि देठापासून गळतो.

रंग न चढण्याची बाकी कारणं माणसानं केलेली: वेलीवर घड जास्त ठेवणं (घडामागं १०-१२ चांगली पानं नसतील तर साखर आणि रंग दोन्ही अडतात), पाणी फिरल्यावरही नत्र चालू ठेवणं, दाट कॅनोपीत (पानांच्या छत्रीत) घड पूर्ण अंधारात असणं. घडाला विरळ सावली हवी. उघडं ऊन दिलं तर मणी तापून वरचाच मुद्दा पुन्हा.

यातली गंमत म्हणजे हिरव्या द्राक्षात आपण हेच अँथोसायनिन दोष मानतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस तापतो, रात्री गारठा पडतो आणि थॉमसन कुळातले मणी गुलाबी होतात. त्याला पिंक बेरी म्हणायचं, ते होऊ नये म्हणून घडांना पेपर गुंडाळायचा. अर्थात तो मणी पुढं मऊ आणि पाणचट होतो, त्यामुळे व्यापारी उगाच नाकारत नाही.

शंकासुर

'गारवा म्हणजे पोषण' असा नियम करू नका मात्र. स्ट्रॉबेरीत उलटं निघालंय. दिवसा ३०, रात्री २२ अंशांत वाढवलेल्या फळांत फिनॉल्स आणि अँथोसायनिन वाढतं, १८ आणि १२ अंशांत ते सगळ्यात कमी. पण क जीवनसत्त्व, साखर आणि फळाचा आकार गारव्यातच चांगला. म्हणजे एकाच फळात एक घटक उन्हाला वाढतो आणि दुसरा घटतो. 'पोषण वाढलं' म्हणायचं तर कुठलं, ते आधी बोला.

काळी_कसदार

हे पटलं. माझ्या मूळ मांडणीत 'पोषण' एकच धरलं होतं, ते मागं घेतो.

डाळिंबाचं बहारानुसार लिहितो. भगवा फुलापासून साधारण १८० दिवस घेतो. मृग बहार: फुलं जून-जुलैत, काढणी डिसेंबर-जानेवारीत. हस्त: फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी मार्च-एप्रिलात. आंबे: फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, काढणी जुलै-ऑगस्टात. दाण्याचा रंग शेवटच्या टप्प्यात भरतो. मृगाला तेव्हा सोलापुरातल्या सगळ्यात थंड रात्री मिळतात. हस्ताचं फळ चढत्या उन्हात पिकतं. आंबे बहाराचं फळ एप्रिल-मेच्या ४० अंशांवरच्या उन्हात वाढतं आणि ढगाळ पावसाळ्यात पिकतं.

इस्रायलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात वर्षातून अनेकदा फळणाऱ्या सदाहरित डाळिंबांवर हेच तपासलं गेलं. हंगाम जितका गरम तितकं दाण्यातलं अँथोसायनिन कमी, आणि गारव्यात त्यातल्या डेल्फिनिडिन गटाचा वाटा वाढतो. आपल्या बहारांतही कल असाच असावा, पण जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सालीचा रंग आणि दाण्याचा रंग यांचं नातं फार सैल आहे. सालीला उन्हाचा उजेड लागतो, दाण्याला वाण आणि तापमान. लालबुंद सालीत फिकट दाणा निघतो आणि पिवळसर सालीत गडद. दुसरं, मृग बहार रंगाला सरस म्हणून लगेच तो धरायला निघू नका. फळवाढ पावसात होते आणि तेल्या (जीवाणूंमुळं होणारा डाळिंबाचा रोग) तिथंच सगळ्यात जास्त बोकाळतो. दाण्यातला रंग वाढवायला बाग घालवण्यात अर्थ नाही.

मंगळवेढेकर

आंबे बहारात क्रॉप कव्हर (झाडांवर घालायचं पातळ कापड) टाकलं तर दाण्यावर परिणाम होतो का ओ? आणि पाण्याचा ताण दिला तर फळ कसदार होतं म्हणतात, ते कितपत खरं?

काळी_कसदार

कव्हरनं मुख्यतः सनबर्न टळतो. भाजलेल्या बाजूचे दाणे पांढुरके किंवा तपकिरी होतात, ते वाचतात. काढणीच्या आधी कव्हर वेळेवर काढलं नाही तर सालीचा रंग मागं पडतो.

ताणाचं: बहार धरतानाचा ताण वेगळा आणि फळ पोसतानाचा वेगळा. फळ पोसताना थोडं कमी पाणी दिलं की ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि फिनॉल्स वाढलेली दिसतात, पण त्यातला मोठा भाग फळ लहान राहिल्यानं आलेला दाटपणा असतो. दर १०० ग्रॅमला वाढतं, दर झाडाला वाढेलच असं नाही. डाळिंबात धोका असा की ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं की आतले दाणे फुगतात, सालीला ताणता येत नाही आणि फळ तडकतं. बोरॉन-कॅल्शियम कमी असेल तर लवकरच. ठिबकवर रोज थोडं आणि सारखं पाणी हेच बरं. ताणाचे प्रयोग द्राक्षात पाणी फिरल्यावर करा, तिथं ते निभावतं.

मातीपाणी

जमिनीचा मुद्दा राहिला. सोलापूरची बरीच जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. जमिनीत लोह ढीगभर, झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

इथं एक गैरसमज नेहमी दिसतो: 'लोहाची फवारणी केली, आता फळात लोह वाढेल.' पानावर पडलेलं लोह पानातून फळाकडं फार कमी सरकतं. फवारणीनं पान हिरवं होतं, साखर चांगली तयार होते, फळ पोसतं. हा फायदा खरा. दाण्यातलं लोह मात्र वाणानं जितकं बदलतं तितकं फवारणीनं बदलत नाही. कॅल्शियमचंही तसंच, ते पाण्याच्या ओढीबरोबर चालतं आणि पानं फळापेक्षा जास्त पाणी ओढतात. जस्त जरा बरं सरकतं. पोटॅश सहज सरकतं.

फवारायचंच असेल तर फेरस सल्फेट लिटरला ३ ते ५ ग्रॅम, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम (आधी पाण्यात सायट्रिक, मग फेरस, उलटं केलं की द्रावण गंजासारखं तांबडं होतं आणि वाया जातं), संध्याकाळी. फळ रंग धरायला लागल्यावर नको, सालीवर डाग राहतात. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट (लोह धरून ठेवून विरघळलेलं राखणारं संयुग). ईडीटीए आपल्या सामूला टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठेवा.

नत्र जास्त झालं की क जीवनसत्त्व आणि फिनॉल्स घटतात, पालवी वाढून सावली होते. 'सेंद्रिय फळ जास्त पौष्टिक' या वादातला बराचसा फरक नत्र कमी पडल्याचा असतो. शेणखत ट्रॉल्यांनी ओतलं तर तोही फायदा जातो.

(ब्लूबेरी लावू का, असं कुणी विचारणार असेल तर: तिला ४.५ ते ५.५ सामू लागतो. कुंडीत पीटमध्ये हौस करा, रानात नको.)

बोरकूट

बोरावर कुणी बोलेना म्हणून.

उमराण मोठं, गोड, पिकताना सोनेरी ते चॉकलेटी. कडाका लहान, आंबटगोड. अ‍ॅपल बोर आकारानं सफरचंदाच्या जवळ, कुरकुरीत आणि पाणीदार. पाणी जास्त म्हणजे १०० ग्रॅममागं बाकी सगळं पातळ, हे वर मण्याच्या बाबतीत आलंच.

बोरात वाणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तोडायची वेळ. क जीवनसत्त्व फळ वाढताना चढत जातं, हिरव्याचं पिवळं होतं तेव्हा वरच्या टोकाला असतं आणि तांबडं-सुरकुतलेलं होताना उतरतं. गोडी मात्र तेव्हा वाढलेली वाटते. मुलांना आवडणारं लाल मऊ बोर आणि क जीवनसत्त्वाचं बोर ही दोन वेगळी बोरं. वाळवून बोरकूट (भुकटी) केल्यावर क बहुतेक जातं. खनिजं आणि चोथा राहतो, उलट दाट होतो.

बेदाण्याचंही तेच, आकड्यांत पाहा. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. पोटॅशियम १०० ग्रॅमला १९१ वरून ७४९ मिग्रॅ होतं, म्हणजे जवळपास चौपट, फारसं काही गेलं नाही. क जीवनसत्त्व ३.२ ची चौपट १३ व्हायला हवं, असतं २.३. पाच भागांतले चार गेले.

शंकासुर

हे सगळं घरी तपासता येतं का? रिफ्रॅक्टोमीटर (रसाची साखर मोजायचं हातातलं उपकरण) तर बऱ्याच जणांकडं असतो.

प्रयोगवही

रिफ्रॅक्टोमीटर साखर सांगतो, जीवनसत्त्व नाही. तरी वापरायचा तर घडाच्या वरचा, मधला आणि शेंड्याचा मणी एकत्र चिरडून थेंब घ्या. नुसता शेंड्याचा घेतला तर आकडा फसवतो.

क जीवनसत्त्वासाठी आयोडीनची पद्धत. बोर, स्ट्रॉबेरी, पेरू यांना चालते.

१. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर उकळून गार करा.
२. २% टिंक्चर आयोडीन १० मिली घेऊन पाण्यानं १०० मिली करा.
३. ५०० मिग्रॅची क जीवनसत्त्वाची गोळी १ लिटर पाण्यात विरघळवा. यातल्या २० मिलीत १० मिग्रॅ असतं.
४. ते २० मिली, त्यात १ मिली स्टार्च, आणि सिरिंजनं आयोडीन थेंबथेंब. हलवत राहा. निळा रंग २० सेकंद टिकला की थांबा. साधारण ७ मिली लागायला हवं.
५. बोराचा २५ ग्रॅम गर, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि पाणी घालून वाटा, एकूण १०० मिली करा, फडक्यानं गाळा. त्यातलं ५० मिली घेऊन तसंच करा.

हिशेब: प्रमाणाला ७.२ मिली आणि नमुन्याला ६.३ मिली लागलं तर नमुन्यात १० × ६.३ ÷ ७.२ = ८.७५ मिग्रॅ. हे १२.५ ग्रॅम गराचं, म्हणून १०० ग्रॅमला ७०.

कुठं फसतं: वाटून ठेवून चहा प्यायला गेलात तर आकडा खाली येतो, हवेनं क मोडतं. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको. भगवा किंवा शरदच्या रसात निळा रंग दिसतच नाही. गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यावर ही चाचणी अजिबात नको, सल्फाइट आयोडीन खातं आणि 'बेदाण्यात क भरपूर' असं खोटं उत्तर येतं. फळातले इतर पदार्थही थोडं आयोडीन खातात, म्हणून दोन वाणांची तुलना करायला वापरा, छापायला नको.

डाळिंबाच्या रंगासाठी सोपं: दोन्ही वाणांचा रस १०-१० मिली, ९०-९० मिली पाणी, दोन्हींत सारखं पाव चमचा सायट्रिक, सारखे ग्लास, मागं पांढरा कागद. सायट्रिक विसरलात तर आंबट फळाचा रस उगाच लाल दिसेल, कारण अँथोसायनिनचा रंग आम्लावर बदलतो.

मंगळवेढेकर

गोळीच्या द्रावणाला नळाचं पाणी चालेल ना?

प्रयोगवही

नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन क जीवनसत्त्व मोडतं. तुमचं प्रमाण थोडं हलकं निघतं आणि मग सगळी बोरं आहेत त्यापेक्षा थोडी भारी दिसतात. उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळून गार केलेलं पाणी घ्या, किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. द्रावण त्याच दिवशी वापरा.

मंगळवेढेकर

डिस्टिल्ड आणतो. उमराण आणि अ‍ॅपल बोर, दोन्ही पिवळ्या टप्प्यावरची घेऊन आकडे इथंच टाकतो.

बोरकूट

दोन्ही एकाच दिवशी तोडलेली घ्या. बाजारातली घेतलीत तर अ‍ॅपल बोर कालचं आणि उमराण चार दिवसांपूर्वीचं असेल, मग वाणाचा फरक कळणार नाही, गाडीचा कळेल.

मंगळवेढेकर

बरं, झाडावरचीच घेतो.